पाळीव अजगराचा उपास

नागपंचमीला सापापुढें दुधाची वाटी ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. दूध हें सापाचें अन्न नव्हे, आणि तहानेनें व्याकुळ होऊन तो तें प्यालाच तरी तें त्याला मानवत नाहीं, हें आतां पुष्कळांना ठाऊक झालें आहे. परंतु जो साप आपलें नित्याचें अन्नही खाईनासा होतो त्याचें काय करावें, हा प्रश्न येथील घरांत सहसा उद्भवत नाहीं. कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित असलेले देशी साप घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र हौसेनें साप पाळणारीं कुटुंबें बरींच आहेत, आणि त्यांना हा प्रश्न वारंवार छळतो.

तेथें फार लोकप्रिय असलेला साप म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील एक लहानखुरा अजगर. इंग्रज त्याला ‘रॉयल पायथन’ म्हणतात, तर अमेरिकन लोक ‘बॉल पायथन’; कारण भ्याला म्हणजे तो डोकें आंत दडवून अंगाचा चेंडू करतो. पुरा वाढला तरी त्याची लांबी बहुधा तीन ते पांच फूट. घाना, टोगो, बेनिन या देशांत तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून राहतो आणि अंधार पडल्यावर भक्ष्य टिपतो. स्वभाव गरीब आणि अंगीं विष नाहीं, म्हणून लोक त्याला घरीं आणतात. आणि मग एके दिवशीं तो समोर आलेल्या उंदराकडे पाठ फिरवितो.

दोन दिवस अन्न न मिळाल्यास मनुष्य कासावीस होतो. तोच न्याय धनी सापाला लावतो आणि घाबरतो. पण मनुष्याला अंगाची ऊब राखण्यासाठीं अन्नाचें सरपण सतत घालावें लागतें, तर सापाला ती ऊब बाहेरून मिळते. शिवाय दोन जेवणांच्या मधल्या काळांत अजगराची पचनसंस्था जवळजवळ मिटलेली असते. याच कुळांतील बर्मी अजगराचें हृदय मोठ्या भक्षणानंतर दोन दिवसांत सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें, असें २००५ सालीं संशोधकांना आढळून आलें. जें शरीर जेवणापुरतें असें फुलतें तें एरव्हीं फार थोडक्यांत भागवितें. म्हणून धडधाकट प्रौढ अजगर कित्येक आठवडे, प्रसंगीं कांहीं महिनेही, सुखानें उपाशी राहतो. नर विणीच्या हंगामांत अन्न सोडतो. मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून सुमारें दोन महिने बसते, तेव्हां बहुधा कांहींच खात नाहीं. कात टाकण्यापूर्वीं डोळ्यांवर निळसर दुधी झांक येते, त्या दिवसांतही तो खात नाहीं. सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयांत १९६१ सालीं आलेल्या या जातीच्या मादीनें २०२० सालीं सात अंडीं घातलीं. इतक्या दीर्घ आयुष्यांत एका ऋतूचा उपास तो काय! अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांची गोष्ट मात्र निराळी; त्यांच्या अंगीं सांठा थोडा, म्हणून त्यांच्यासाठीं लवकर सल्ला घ्यावा.

ऋतूचें कारण नसेल तर दोष बहुधा पेटींत सांपडतो. एका टोकाला सुमारें ३२ अंश सेंटिग्रेड आणि दुसऱ्या टोकाला सुमारें २६ अंश उष्णता हवी. थंड पोटांत अन्न पचत नाहीं हें सापाला उपजतच कळतें. उष्णता अंदाजानें न ठरवितां मोजावी, आणि तापविणाऱ्या साधनाला नियामक जोडावा. नाहीं तर त्याच उबेनें साप भाजतो. दुसरें कारण भय. बिळांत राहणाऱ्या प्राण्याला चारी बाजूंनीं उघडी कांचेची पेटी म्हणजे भर मैदानच. अंग चिकटून बसेल अशा दोन अंधाऱ्या ढोली, एक उबेकडे व एक थंडाव्याकडे, ठेवाव्या. नव्या सापाला निदान आठवडाभर हातही लावूं नये. तो कौतुकानें पाहुण्यांना दाखविला जातो, आणि मग तो खात नाहीं म्हणून घरांत आश्चर्य केलें जातें!

जिवंत उंदीर पेटींत सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. अंगणांतून पळून जाणारा उंदीर पेटींत कोंडला म्हणजे उलटतो, आणि न भुकेल्या सापाचे लचके तोडतो. मारून गोठविलेला उंदीरच द्यावा. रात्रभर तो शीतकपाटांत सैल होऊं द्यावा, नंतर पिशवींत घालून गरम पाण्यांत ठेवावा, म्हणजे जिवंत उंदराइतकी ऊब त्याला येते. या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खांचा असतात. थंड उंदीर त्याच्या लेखीं भक्ष्यच नव्हे. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाहून फारसा रुंद नसावा. संध्याकाळीं, मंद उजेडांत, लांब चिमट्यानें तो थोडा हालवून दाखवावा. सापानें तोंड फिरविलें तर ढोलीच्या तोंडाशीं ठेवून निघून जावें, आणि सकाळीं उरला असेल तर टाकून द्यावा. पुढचा यत्न आठवड्यानें. कांहीं साप उंदराला कोंबडीच्या पिलाचा वास लावला म्हणजे भुलतात.

तोंड उघडून अन्न आंत कोंबणें हा उपाय घरीं कधींही करूं नये. त्यानें घसा फाटतो, क्वचित् अन्न श्वासनलिकेंत जातें, आणि जेवण व भय यांची सापाच्या ठायीं कायमची गांठ पडते. त्याऐवजीं दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावें. वजन दहाव्या हिश्शानें घटलें, तोंडांत फोड आले, नाकातोंडांतून बुडबुडे येऊं लागले किंवा तो तोंड उघडून श्वास घेऊं लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गांठावा.

आणि अखेर साप जेवला म्हणजे त्याला दोन दिवस मुळींच उचलूं नये, नाहीं तर तो गिळलेलें ओकून टाकतो. तसें झाल्यास दोन आठवडे पोटाला विसांवा द्यावा आणि मग पूर्वींपेक्षां लहान उंदीर द्यावा. चिमटा, पिशवी व भांडें स्वयंपाकघरांतील नसावीं. सापाच्या अंगावर ‘साल्मोनेला’ नांवाचे जंतु असूं शकतात, म्हणून प्रत्येक वेळीं हात साबणानें धुवावे, आणि पांच वर्षांखालील मुलांना पेटीपासून दूर ठेवावें.