मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम

मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे पूर्वपात्रतेची अट न घालता, बहुधा विनाशुल्क, महाजालावरून कोणालाही शिकता येणारे अभ्यासक्रम होत. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'मूक' असेही म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ मुका असा होत असल्याने हे लघुरूप काहीसे गोंधळात टाकणारे आहे.

इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने (एमआयटी) २००१ साली आपले अध्यापनसाहित्य महाजालावर खुले करण्याची घोषणा केली. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमास शुल्क भरणारे सुमारे २५ विद्यार्थी होते, तर महाजालावरून विनामूल्य सामील झालेल्यांची संख्या दोन हजारांवर गेली. 'मूक' हा शब्द याच प्रयोगाच्या निमित्ताने रूढ झाला. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमास सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. पूर्ण करणारे मात्र सुमारे २३ हजारच निघाले. पुढील वर्षी कोर्सेरा व एडएक्स ही व्यासपीठे सुरू झाली.

भारतात आयआयटी संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल' प्रकल्पाने ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने उपलब्ध करून दिली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. त्यामुळे एखाद्या विषयाचा प्राध्यापकच नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही तो विषय घेणे शक्य होते. शिकणे विनामूल्य असले तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेस शुल्क असते.

'मुक्त' शब्दाचे अर्थ

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे (स्थापना १९८९) मराठी वाचकास 'मुक्त' म्हणजे प्रवेशाची अट शिथिल असलेले, हा अर्थ परिचित आहे. मुक्त शिक्षणाच्या चळवळीत मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. साहित्य उतरवून घेणे, त्यात बदल करणे, भाषांतर करणे व इतरांना देणे या सर्वांची अनुमती त्यात अभिप्रेत असते. एमआयटीचे साहित्य अशा परवान्याखाली असल्याने बिगरव्यापारी हेतूने, मूळ स्रोताचा उल्लेख करून व त्याच अटींवर त्याचे मराठी रूपांतर कोणीही करू शकतो. याउलट अनेक व्यापारी व्यासपीठांवरील व्याख्याने विनामूल्य पाहता आली तरी त्यांचे हक्क राखीव असतात. विनामूल्य आणि मुक्त या दोन शब्दांची गल्लत सर्रास होते, ती येथेच.

अडचणी

अभ्यासक्रम अर्धवट सुटण्याचे प्रमाण सर्वत्र मोठे आहे. त्याचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या आळसाला देणे योग्य नाही. केवळ उत्सुकतेपोटी नाव नोंदविणारेही पुष्कळ असतात. परंतु घरात एकच भ्रमणध्वनी असणे, जालजोडणी वारंवार तुटणे आणि अडलेली शंका विचारण्यास समोर कोणी नसणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत.

भाषेची अडचण याहून खोल आहे. उच्च शिक्षणातील बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. एनपीटेलच्या काही व्याख्यानांची लेखी रूपे मराठीत मिळतात. तथापि परिभाषा जड असली तर बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास मूळ इंग्रजी शब्दच जवळचा वाटू शकतो. म्हणून भाषांतरासोबत सोपी उदाहरणे व विषय जाणणाऱ्या शिक्षकाचा हातही लागतो.