विश्लेषण : मालिका वर्षानुवर्षे चालते, मग शेवट आठवडाभरात का गुंडाळला जातो?

कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये घरे एकमेकांना खेटून आहेत. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेली ही वसाहत. रात्री आठनंतर इथल्या गल्लीतून चालत गेले, तर एकाच मालिकेचे शीर्षकगीत या घरातून त्या घरात ऐकू येते. त्यामुळे शेवटचा भाग फसला की दुसऱ्या दिवशी हळहळही सामुदायिकच असते : एवढी वर्षे बघितले, ते यासाठी?

ही हळहळ पोकळ नाही. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2013 मध्ये संपली. भाग तीन हजारांहून अधिक. जाहिराती वगळून एका भागाची 22 मिनिटे धरली, तरी हिशेब 1,100 तासांवर जातो. म्हणजे अहोरात्र बसले तर 45 दिवस!

शेवट ठरवते कोण?

बहुतेक वेळा लेखक नाही. बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात. ते सतत घसरले, किंवा त्या वेळेला नवी मालिका आणायची ठरली, की वाहिनी निर्मात्याला तसे कळवते. मग हातात उरतात थोडे आठवडे. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या काही दिवसच पुढे असते. नव्या मालिकेची जाहिरात सुरू झालेली असते. अशा वेळी खलनायिकेचे कारस्थान, पोलीस, माफी आणि सत्यनारायण हे सगळे एकाच आठवड्यात उरकावे लागते.

पण घाई हे अर्धेच कारण. दैनंदिन मालिकेची रचनाच न संपण्यासाठी असते. उत्तर उद्यावर ढकलणे हाच तिचा धंदा. ‘होणार सून मी ह्या घरची’ (2013-16) मधले जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले, की बाळापेक्षा त्यावरचे विनोद आधी जन्माला आले. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऑगस्ट 2016 ते मार्च 2021 चालली. गुरुनाथला राधिका धडा शिकवणार का, हा तिचा मूळ प्रश्न. राधिकाने मसाल्यांचा व्यवसाय उभारला, सौमित्रशी लग्न केले, तेव्हाच तो जवळपास सुटला होता. मालिका मात्र पुढेही सुरूच राहिली. अशा ठिकाणी शेवटचा भाग कितीही चांगला लिहिला, तरी त्याला सांगायला काय उरते?

परदेशात हे होत नाही?

होते की. मे 2019 मध्ये संपलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे शेवटचे पर्व नव्याने बनवा, या ऑनलाइन मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. तिथे वाहिनीची नोटीस वगैरे काही नव्हती. तरीही शेवटच्या पर्वाचे भाग फक्त 6 होते. पात्रांच्या स्वभावात झालेले बदल त्यात पटण्याइतके मुरलेच नाहीत.

मग जमते कधी?

कुठे थांबायचे हे आधी ठरलेले असेल तेव्हा. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये वर्षही पूर्ण न करता, लोकप्रिय असतानाच थांबली; घना-राधा अजून आठवतात. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’चा (2017-20) शेवट तर महाराष्ट्राला शाळेपासून पाठ. रहस्य शून्य, तरी लोक शेवटपर्यंत बसले, कारण मालिका पहिल्या दिवसापासून त्याच दिशेने चालली होती.

आता वाहिन्यांनी आणखी एक वाट शोधली आहे : संपवायचेच नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ऑक्टोबर 2016 मध्ये आटोपली. 2019 मध्ये ती परतली ती आधीच्या काळाची गोष्ट घेऊन, आणि पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच मेलेले अण्णा नाईक घराघरांत पोहोचले. हिंदीत 2008 ला बंद झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तुलसी तीच, स्मृती इराणीही त्याच.