चष्मा, यंत्र आणि मधली जोडणी

दूरसंचार खात्यातल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी मुख्यतः एकच काम केले. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन यंत्रांना बोलते करायचे. जुन्या एक्स्चेंजला नवे एक्स्चेंज जोडताना दोन्ही यंत्रे ठणठणीत असूनही आवाज जात नसे. दोष मधल्या जोडणीत सापडे. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात माझा पुतण्या ठाण्याहून डोंबिवलीला आला आणि त्याने पाठीवरची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली, तेव्हा मला निवृत्तीनंतर पुन्हा ड्यूटीवर गेल्यासारखे वाटले.

पिशवीतून निघाले ते असे : डोक्याला घालायचा एक पांढरा-काळा हेडसेट, एक लहानशी काळी पेटी, दोन भिंगांचा कॅमेरा, एक गेमची डिस्क आणि वायरींचा गुंता. "काका, हे सगळं नव्या मशीनला लागतं का, बघ ना," तो म्हणाला. एवढेच म्हणाला; पण त्यामागचे मला ठाऊक होते. हा हेडसेट माझ्या धाकट्या भावाने २०१८ च्या दिवाळीत आणला होता. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. दोघे आळीपाळीने तो डोक्याला लावून एकच खेळ खेळत. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, भाऊ गेला. पुढे घरात नवा प्लेस्टेशन ५ आला, तरी जुना प्लेस्टेशन ४ टीव्हीखाली तसाच राहिला, कारण त्यात बाबांचा अर्धवट राहिलेला खेळ होता. त्या पावसाळ्यात वीज कमी-जास्त झाली आणि जुने यंत्र बंद पडले.

पुतण्याने आधी एका दुकानात विचारले होते. तिथे उत्तर मिळाले, "हे भंगारात द्या, नवीन हेडसेट घ्या, जुने गेम त्यात चालतील." हे उत्तर चुकीचे होते. का चुकीचे होते, ते शोधताना मला जे कळले, ते या लेखात मांडतो आहे. कारण आपल्या घराघरांत आता अशी यंत्रे आली आहेत, आणि कोणते कशाला लागते हे विकणाऱ्यालाही नीट माहीत नसते.

भास कुठे तयार होतो?

आपले दोन डोळे एकाच वस्तूची किंचित वेगळी अशी दोन चित्रे पाहतात आणि मेंदू त्यांतून खोली काढतो. हेडसेट हीच युक्ती वापरतो. प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र आणि मधे भिंग. एवढ्याने चित्र उठावदार दिसते, पण आपण 'तिथे' आहोत असे वाटत नाही. त्यासाठी मान वळवली की दृश्यही वळले पाहिजे, आणि तेही लगेच. मान हलणे आणि चित्र हलणे यांत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडले की मळमळू लागते, असे या क्षेत्रातले लोक मानतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

म्हणजे कन्सोल आणि हेडसेट यांच्यात सतत चार गोष्टींची देवाणघेवाण चाललेली असते. कन्सोलकडून दोन चित्रे यायची. हेडसेटकडून डोके कुठे आहे ते कळवायचे. हातातल्या नियंत्रकाची जागा सांगायची. आणि या सगळ्याआधी दोघांनी एकमेकांना ओळखायचे. टीव्हीचे तसे नसते. टीव्हीला मुख्यतः चित्र घ्यायचे असते, उलट फारसे काही सांगायचे नसते. म्हणून कन्सोल बहुतेक टीव्हींना लागतो, पण कोणताही हेडसेट कोणत्याही कन्सोलला लागत नाही. दोन्हींच्या वायरीचे टोक सारखे दिसले तरी त्याला काही अर्थ नसतो. खाच जुळणे वेगळे आणि भाषा जुळणे वेगळे.

कोणाचे कोणाशी जमते

हे न जमण्याचे दुखणे जुने आहे. सेगा कंपनीने १९८७ मध्ये आपल्या मास्टर सिस्टीम या कन्सोलसाठी त्रिमिती चष्मा काढला. त्याची वायर कन्सोलच्या कार्ड घालण्याच्या खाचेत बसे. पुढे याच कन्सोलची स्वस्त आवृत्ती आली आणि तिच्यातून ती खाचच काढून टाकली. चष्मा शाबूत, कन्सोलही त्याच कंपनीचा, पण जोडायला जागा नाही. शिवाय तो चष्मा जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या तालावर उघडझाप करी. आजच्या सपाट टीव्हीसमोर तो निरुपयोगी आहे. निन्टेंडोने १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय काढताना हा प्रश्नच टाळला : पडदा आणि कन्सोल एकाच खोक्यात. चित्र फक्त लाल रंगात दिसे. वर्षभरातच ते यंत्र बंद झाले.

आजची स्थिती थोडक्यात अशी. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आपला पुढचा एक्सबॉक्स आभासी वास्तव दाखवील असे जाहीर केले होते. २०१७ मध्ये तो कन्सोल आला, पण ती सोय आली नाही. निन्टेंडोने २०१९ मध्ये स्विचसाठी पुठ्ठ्याचा चष्मा काढला. स्विचचा पडदाच त्यात सरकवायचा. मेटाचा क्वेस्ट हा स्वतःच एक संगणक आहे. त्याला कन्सोल लागत नाही. परदेशातल्या नातेवाइकांबरोबर येणारा हेडसेट बहुधा हाच असतो, आणि 'घरच्या प्लेस्टेशनला जोडू' ही आशा इथेच मोडते. काही युक्त्यांनी कन्सोलचा खेळ क्वेस्टमध्ये दाखवता येतो, पण तो कसा, तर काळोख्या खोलीत समोर मोठा सपाट पडदा टांगल्यासारखा. मान वळवली की पडदा बाजूला राहतो. खेळाच्या आत शिरता येत नाही.

राहिला प्लेस्टेशन. सोनीने पहिला प्लेस्टेशन व्हीआर ऑक्टोबर २०१६ मध्ये आणला, तो प्लेस्टेशन ४ साठी. दुसरा आला २२ फेब्रुवारी २०२३ ला, प्लेस्टेशन ५ साठी. नावे सारखी, पण रीत अगदी उलट. पहिल्या हेडसेटवर नऊ निळे दिवे आहेत. समोर ठेवलेला कॅमेरा ते दिवे पाहून डोके कुठे आहे ते ठरवतो. दुसऱ्याच्या अंगावरच चार कॅमेरे आहेत आणि ते खोलीकडे पाहून स्वतःची जागा ओळखतात. पहिल्यासाठी लिहिलेला खेळ 'कॅमेऱ्याला दिवे कुठे दिसतात?' असे विचारतो, आणि दुसऱ्याकडे या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून जुने खेळ नव्या हेडसेटवर चालत नाहीत. काही खेळ त्यांच्या कर्त्यांनी नव्यासाठी पुन्हा बांधून दिले; भावाचा खेळ, ॲस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन, त्यांत नाही. दुकानदाराचे ऐकले असते तर पुतण्याचे पैसे गेले असते आणि जुना हेडसेट भंगारात.

हे सगळे एका मापाचे का करत नाहीत? प्रयत्न झाले. २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून हेडसेटसाठी एकच वायर ठरवली होती, व्हर्च्युअललिंक नावाची; दोन वर्षांत ती बारगळली. २०१९ मध्ये ओपनएक्सआर हा खुला मानदंड आला आणि संगणकावर त्याने बरेच काम सोपे केले. कन्सोलच्या दारात मात्र तो थांबतो. कन्सोलवाल्यांची खरी कमाई यंत्रापेक्षा त्यावर विकल्या जाणाऱ्या खेळांतून होते. परक्या हेडसेटला दार उघडले तर त्याच्याबरोबर परके दुकानही आत येते. आणि खुल्या घरातही शाश्वती नसतेच. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीतून हेडसेटचा एक अख्खा विभाग काढून टाकला, आणि त्यावर चालणारे चांगले हेडसेट त्या आवृत्तीवर निकामी ठरले. उलटही घडते : त्याच वर्षी सोनीने आपला दुसरा हेडसेट संगणकाला जोडणारी पेटी विकायला काढली. दार उघडायचे की लावायचे, हे घेणाऱ्याच्या हातात नसते.

सहा तुकडे

जुना हेडसेट प्लेस्टेशन ५ ला लागतो, पण सहा गोष्टी एकत्र आल्या तरच. हेडसेट. त्याची काळी पेटी; ती फेकू नये, तिच्यातूनच चित्र टीव्हीकडेही जाते. तिसरा, प्लेस्टेशन ४ चाच कॅमेरा. प्लेस्टेशन ५ चा नवा कॅमेरा त्याहून चांगला असून चालत नाही. चौथे, या कॅमेऱ्यासाठी एक बोटभर जोडतुकडा, कारण त्याच्या वायरीला हवी ती खाच नव्या यंत्रावर ठेवलेलीच नाही. हा तुकडा सोनीने हेडसेटच्या क्रमांकावर फुकट दिला होता. भावाने तो मागवून डब्यात ठेवला होता, हे आम्हाला डबा उघडल्यावर कळले. पाचवा, जुना नियंत्रक. त्याच्या पुढच्या बाजूला दिव्याची पट्टी आहे आणि कॅमेरा हात ओळखतो तो तिच्यावरून. सहावी गोष्ट म्हणजे डिस्क घालता येईल असा प्लेस्टेशन ५. डिस्कची खाच नसलेलाही मिळतो.

रविवारी ठाण्याला नौपाड्यात त्यांच्या घरी मी हे सगळे जोडले. हेडसेटचे दिवे लागले, खेळ सुरू झाला, आणि नव्यानेच सुरू झाला. पहिल्या पायरीपासून. बाबांचा खेळ त्यात नव्हता. पुतण्या काही बोलला नाही. भावजय स्वयंपाकघरात गेली.

तेव्हा कळले की सातवाही तुकडा आहे : आठवण. ती जुन्या यंत्राच्या डिस्कमध्ये होती, आणि ती डिस्क काढून दुसऱ्या प्लेस्टेशन ४ मध्ये घातली तर तो ती वाचत नाही, आधी कोरी करू का म्हणून विचारतो. म्हणजे मूळ यंत्रच जिवंत करायला हवे. कल्याणच्या एका दुरुस्तीवाल्याने त्याचा वीजपुरवठ्याचा भाग बदलला आणि यंत्र चालू झाले. मग पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. तरी नव्या यंत्राने ते उघडले नाही, कारण तो खेळ भावाच्या खात्यावरचा. खात्याचा पासवर्ड हवा. भावजयीने कपाटातून २०१९ चे कालनिर्णय काढले. पानामागे दुधाचा हिशेब होता आणि त्याखाली भावाच्या अक्षरात तो पासवर्ड.

कल्याणचा जुना दिवा

या खटाटोपात कल्याणला दोनदा जाणे झाले आणि मला पटवर्धनांची आठवण झाली. १८९० च्या दशकात, मूकपटाच्याही आधी, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. पुढे मुलांनीही ते चालवले. शंबर हा मायावी असुर, म्हणून शांबरिक म्हणजे मायेचा. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग. काचा सरकवून चित्रे हलल्याचा भास. त्यांच्या काचा आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत.

तो दिवा आज नसला तरी काच कळते. खिडकीसमोर धरली तरी चित्र दिसते. भिंग आणि उजेड मिळाला की भिंतीवर पडते. काचेला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या डिस्कमध्येही चित्रेच आहेत, पण ती एका विशिष्ट यंत्राला, एका विशिष्ट कॅमेऱ्यामार्फत आणि एका विशिष्ट माणसाच्या खात्यावरच दिसतात. सव्वाशे वर्षांत माया किती तरी पटींनी वाढली. तिचे आयुष्य मात्र जोडणीच्या आयुष्याएवढे आखूड झाले.

म्हणून नोकरीतल्या सवयीने एवढेच सांगतो. घ्यायच्या आधी 'कोणाचा आहे' याबरोबर 'कोणाला लागतो' हेही विचारा, आणि दुकानदाराला तो प्रत्यक्ष जोडून दाखवायला सांगा. यंत्र टाकले तरी पेट्या, तुकडे, जुने नियंत्रक टाकू नका. आणि खात्याची किल्ली घरात कोणाला तरी ठाऊक असू द्या.

पासवर्ड चालला. पुतण्याने हेडसेट घातला. आत त्याला जे दिसत होते ते आम्हाला टीव्हीवर दिसत होते. या खेळात प्रत्येक टप्प्यात हरवलेले आठ छोटे यंत्रमानव शोधायचे असतात. भाऊ शेवटचा खेळला त्या टप्प्यापुढे सात लिहिलेले होते. भावजय पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "तो एक त्यांना सापडतच नव्हता. रात्री साडेअकरापर्यंत शोधत बसायचे." पुतण्याने डावीकडे मान वळवली, मग वर. टीव्हीवरचे दृश्यही तसेच वळले, क्षणाचाही उशीर न होता.