सावतोबांचा मळा, तुमची सांदवाडी

बालमित्रांनो, कोंढ्यात धानाची रोवणी सुरू झाली की मोठी माणसं दिवसभर बांधीत. मग घरामागची सांदवाडी कोणाची? तुमची! रात्री जेवणं आटोपली की आईबाबांजवळ बसून पाटीवर नकाशा काढा. कुंपणाला कारली-दोडके, उन्हात भेंडी, न्हाणीच्या पाण्यावर अळू. सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, उंच वाफ्यात. धणे मात्र आधी हलकेच रगडून फोडायचे.

मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. सांभार आठ-दहा दिवस काही दाखवतच नाही. मग धीर सुटतो, कोणीतरी माती उकरतं आणि कोवळा मोड तुटतो! (आम्हीही हा उद्योग केलाय.)

न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवणारा एक माळी होऊन गेला, सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी. ते म्हणे पंढरीला गेलेच नाहीत. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठोबा भेटला. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी समाधी घेतली. ही तिथी ऐन पावसाळ्यात येते. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक आळं करा, अगदी आजीच्यासुद्धा.

आणि एखादं आळं रिकामंच राहिलं तर? म्हणूनच थोडं बी गाडग्यात राखून ठेवायचं. पुन्हा पेरा.