ऑर्डर ऑनलाइन, उधारी मात्र जुनीच

चाकणला 2009 साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले. पण भोसरी, तळवडे, चिखलीच्या लेथवाल्याला मोठ्या कंपन्यांचे काम मिळते ते बहुधा मधल्या पुरवठादारामार्फतच. आता दुसरी वाट निघाली आहे. बेंगळुरूत 2018 साली सुरू झालेल्या झेटवर्कसारख्या ऑनलाइन कंपन्या गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग घेतात व माल ठिकठिकाणच्या कारखान्यांतून करवून घेतात. सीएनसी मशीनला साचा लागत नाही, म्हणून थोडे नगही परवडतात.

आम्ही कापडवाले. यंत्रमागात सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरी मागवाल्याची, ही रीत जुनीच. माग स्वतःचा असूनही मालक मजूरच राहतो. लेथवाल्या बंधूंचे तसे होऊ नये. ऑर्डर कोणाच्या नावाची, रिजेक्ट माल कोणाच्या खाती, हे आधी लेखी घ्यावे. उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. 2006 च्या कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आम्हा नुसत्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, कारागिराला आहे. हातात हुनर आहेच. पेटीत कागदही ठेवा.