हर्णैचा मासळीबाजार

तासगावच्या मुलांना सौदा हा शब्द नवा नाही. तेथे बेदाण्याचे सौदे भरतात. व्यापारी दाणा तळहातावर घेतो, रंग न्याहाळतो आणि मग भाव बोलतो. भाव मनासारखा आला नाही, तर शेतकरी आपला माल शीतगृहात ठेवून काही काळ थांबू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ हर्णै येथेही समुद्रकाठी सौदा होतो. परंतु तेथे थांबणे कोणालाच परवडत नाही.

तासगावाहून निघालेला प्रवासी कऱ्हाडवरून जाऊन कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूण, खेड, दापोली मागे टाकून हर्णैस पोहोचतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. किनाऱ्यालगत पाणी उथळ असल्याने मोठ्या नौका दूर उभ्या राहतात. त्यांतील मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर आणण्याची येथील जुनी रीत आहे. नांगर ओढणारा बैल खाऱ्या पाण्यात शिरलेला पाहून घाटावरचा माणूस लिलाव पाहावयाचे क्षणभर विसरतो.

लिलाव सकाळी आणि सायंकाळी होतो. वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग पडतात आणि भोवती गिऱ्हाइकांचे कडे जमते. पुकारणारा भाव चढवीत जातो. कोणी नुसती मान हलवितो आणि ढीग त्याचा होतो! ही घाई उगीच नसते. मासा पाण्याबाहेर आला की त्याच्या शरीरातील द्रव्ये आणि सूक्ष्म जंतू त्याला नासवू लागतात. उष्ण हवेत हे काम काही तासांतच होते. बर्फ ते मंद करतो, थांबवीत नाही. म्हणून जाणते गिऱ्हाईक आधी कल्ला उचलून पाहते. कल्ला लालभडक, डोळा पाणीदार व फुगीर, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, ही ताज्या मासळीची खूण होय.

घाऊक माल उचलला गेला की कोळणी वाटे मांडून बसतात. त्यांचा हिशेब तोंडी आणि बिनचूक असतो. दक्षिण कोरियातील बुसान शहराच्या जगाल्ची नावाच्या प्रसिद्ध मासळीबाजारातही विक्रीचा भार मुख्यत्वे स्त्रियांवरच आहे.

पापलेट विकत घेताना त्याच्या आकाराकडेही पाहावे. या माशाची आवक घटत गेल्याने महाराष्ट्र शासनाने २०२३ साली रुपेरी पापलेटास राज्यमासा म्हणून घोषित केले. अंडी घालण्याच्या वयास पोहोचण्यापूर्वीच पिल्ले जाळ्यात सापडली, तर पुढील वर्षी जाळ्यात काय येणार? तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळते खरे, पण ते घेऊ नये, असे अनुभवी कोळीही सांगतात.

जून आणि जुलै हे मासळीच्या विणीचे दिवस. या काळात यंत्रनौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते. तेव्हा हर्णैस जाणाऱ्या प्रवाशाला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौका आणि जाळी विणणारी माणसे तेवढी दिसतील.