मोत्याचे दात कोण घासणार?

वाचकहो, मथळा वाचून घरातली मंडळी हसली असतील. "आमची पोरे सकाळी धड दात घासत नाहीत, आणि आता कुत्र्याचेही घासायचे का?" असे आजीबाई म्हणाल्याही असतील. हसा खुशाल, पण पुढचे वाचा. हे शहरातल्या हौशी लोकांचे खूळ नाही. रात्रभर आपला गोठा राखणाऱ्या जनावराच्या पोटाचा हा प्रश्न आहे. आणि त्यातली एक गोष्ट तर तुमच्या घरच्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

मावळातले शिरगाव घ्या. सोमाटणे फाट्याजवळचे, पवनेच्या खोऱ्यातले हे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे 'प्रतिशिर्डी' म्हणून लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. पण गर्दीपासून जरा बाजूला झाले की भातखाचरे, गोठे, कोंबड्यांची खुराडी असा आपला ओळखीचा मावळ लागतो. आणि अंगणात एखादा मोत्या नाहीतर वाघ्या असतोच. उरलीसुरली भाकरी, दुधाचा काला, आमटीभात आणि मटणाच्या दिवशी हाडके हे त्याचे जेवण. त्यावर तो इमानाने राखण करतो.

सात-आठ वर्षांनी हाच मोत्या भाकरी तोंडात घेऊन खाली टाकू लागतो. नुसते दूध चाटतो. जवळ आला की तोंडाला घाण वास येतो. आपण म्हणतो, "म्हातारा झाला बिचारा." पुष्कळदा तो म्हातारा झालेला नसतो, त्याचे दात दुखत असतात. बैल लंगडला तर आपल्याला लगेच कळते. कुत्रा मात्र तोंडातले दुखणे लपवून ठेवतो. दात ठणकत असतानाही भुकेपोटी तो खात राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

कुत्र्याच्या तोंडात असते काय?

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडतात आणि पक्के ४२ दात येतात, वर २० आणि खाली २२. खाल्लेल्या अन्नाचा आणि जंतूंचा एक चिकट थर रोजच दातांवर बसतो. तो वेळीच पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच दगडासारखा घट्ट होतो. हेच कीटण. कुत्र्याचा दात माणसासारखा सहसा किडत नाही. त्याचा दात जातो तो कीटणामुळे. कीटणाखाली हिरडी सुजते, रक्त येते, मग मूळ उघडे पडून दात हलू लागतो. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला हे कीटण सर्वांत जास्त साचते.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. कधी कधी कुत्र्याच्या डोळ्याखाली गळू येते, फुटते, भरते आणि पुन्हा फुटते. आपण त्यावर हळद दाबतो. काटा लागला असेल, कुणी दगड मारला असेल, असे म्हणतो. पण वरच्या मोठ्या दाढेचे मूळ नेमके तिथेच असते. दाढ तडकून मुळाशी पू झाला की तो डोळ्याखालून वाट काढतो. अशी जखम वरून कितीही मलम लावले तरी बरी होत नाही. दाढेचा इलाज करावा लागतो. आणि दाढ तडकते ती बहुधा टणक हाड फोडताना. म्हणून "हाडके चघळली की दात साफ होतात" या समजुतीवर विसंबू नका. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या तर टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. ती हाडके कुत्र्यापुढे टाकूच नयेत.

घासायचे कसे?

याला फार खर्च नाही. जुन्या लुगड्याचा मऊ, धुतलेला सुती तुकडा पुरतो. सवय झाली की लहान मुलांचा मऊ ब्रश आणा, पण तो कुत्र्यासाठीच वेगळा ठेवा.

पहिल्याच दिवशी जबडा उघडायला जाल तर कुत्रा बिथरेल. पहिले चार-पाच दिवस भाकरी दिल्यावर त्याला कुरवाळत नुसता ओठ वर करून सोडून द्या. पुढचे काही दिवस ओल्या फडक्याचे बोट सुळ्यावरून फिरवा. मग हळूहळू मागच्या दाढांकडे जा. तोंड उघडायची गरजच नाही. ओठ बाजूला करून दातांची बाहेरची बाजू आणि हिरडीची कड हलक्या हाताने पुसली की पुरे, कारण आतली बाजू त्याची जीभ बरीच साफ ठेवते. दोन मिनिटांचे काम आहे. रोज जमले तर उत्तम, निदान दिवसाआड तरी चुकवू नका. नंतर पाठीवर थाप मारून शाबासकी द्या.

हे काम ज्याच्या हातचे तो खातो त्यानेच करावे. लहान मुलांना करू देऊ नये. हाताला जखम किंवा चीर असेल त्या दिवशी सुट्टी घ्यावी. कुत्रा गुरगुरला तर थांबावे, जबरदस्ती करू नये.

काय लावू नये?

आपल्या घरातली टूथपेस्ट लावू नका. आपण चूळ भरून थुंकतो, कुत्रा मात्र सगळे गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि जीव जाऊ शकतो. मिश्री तर मुळीच नको, कारण तंबाखू कुत्र्याला विष आहे. मीठ आणि राखुंडीही नको. कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट दुकानात मिळते. ती नसली तर साधे पाणी चालते.

कीटण आधीच घट्ट बसले असेल तर ते चाकूने किंवा खिळ्याने खरवडू नका. त्याने हिरडी फाटते. ते काम जनावरांच्या डॉक्टरांचे. कुत्र्याला भूल देऊन ते दात साफ करतात, हलणारा दात काढतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. मोठ्या इलाजाची गरज पडली तर पुढे कुठे न्यायचे ते डॉक्टर सांगतील. आपल्या भागाला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मुंबईला परळचे १८८६ साली सुरू झालेले जुने महाविद्यालय आहे.

हात घालण्याआधी हे वाचा

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्रा लाळ गाळतो आहे, जबडा लोंबतो आहे, पाणी गिळता येत नाही, घशात काही अडकल्यासारखे करतो आहे, आवाज बदललाय, नेहमीचा गरीब कुत्रा अंगावर येतोय किंवा अंधारात दडून बसतोय, असे दिसले तर "हाड अडकले असेल, काढू या" म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेला कुत्रा असाच दिसतो. गाई-म्हशींनाही रेबीज झाला की घशात काही अडकल्यासारखेच दिसते आणि मालक बिनधास्त हात घालतो. रेबीजचे जंतू लाळेत असतात. हातावरची एक चीर त्यांना पुरते. असे जनावर दुरूनच बंदिस्त करा आणि डॉक्टरांना बोलवा.

लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती जागा १५ मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. मग थेट सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने पूर्ण करा. पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचून वाचवले, तेव्हापासून या रोगाला अटकाव आहे. पण लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून वाट पाहू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये.

त्यामुळे दात घासण्याची खरी सुरुवात लसीपासून करा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. लस टोचलेल्या, ओळखीच्या, निरोगी कुत्र्याच्याच तोंडाला हात लावायचा, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवा.

आज रात्री भाकरी टाकायला जाल तेव्हा घटकाभर थांबा. मोत्याची लस झालेली असेल, तो खाऊनपिऊन नेहमीसारखा असेल, तर कंदील किंवा बॅटरी जवळ धरून त्याचा ओठ हळूच वर करून पाहा. हिरडी गुलाबी आणि दात पांढरे असतील तर उद्यापासून फडके धरा. पिवळी-तपकिरी खपली, रक्त किंवा घाण वास असेल तर येत्या बाजाराच्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. लस झालेली नसेल तर आधी तीच टोचून आणा.